तेव्हा इथं काहीच नव्हतं?

वाचकांचे प्रश्न. या वेळी तिन्ही पत्रं डोंबिवलीची आहेत. उत्तरं देणाऱ्या बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून १९७२ पासून डोंबिवलीत राहतात.

प्रश्न : माझे आजोबा १९७४ मध्ये गिरगावातून डोंबिवलीला आले. ते नेहमी सांगतात, "तेव्हा इथं काहीच नव्हतं, सगळं आम्ही उभं केलं." कॉलेजच्या प्रकल्पासाठी मला त्यांच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत. पण 'काहीच नव्हतं' म्हणजे नेमकं काय होतं? – एक विद्यार्थिनी, डोंबिवली पूर्व

उत्तर : भातशेती होती, बाळा. बांध घातलेली खाचरं, भात झोडायची खळी, विहिरी, गावदेवीची देवळं, पश्चिमेला खाडी आणि खाडीत मासेमारी. पाथर्ली, आयरे, चोळे, ठाकुर्ली, नवागाव ही सगळी नांदती गावं होती आणि मुख्यतः आगरी कुटुंबांची होती.

लग्न होऊन मी आले ती पाथर्लीजवळच्या एका चाळीतल्या दोन खोल्यांत. चाळीच्या मागच्या भिंतीला लागूनच खाचर होतं. मे महिन्यात तिथं राब भाजायचे. म्हणजे ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची, तिथं पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून ते पेटवायचे. तण मरतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं. तो धूर आमच्या गॅलरीत यायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांना, पापडांना वास लागायचा. चाळीतल्या बायका कुरकुरायच्या. मी मात्र कोकणातली, मला त्या वासानं माहेर आठवायचं. पावसाळ्यात आवणी म्हणजे रोपांची लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. त्या शेताची मालकीण आम्हांला वालाच्या शेंगा विकायला यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. पुढे मागच्या जागेवरही चाळ उठली, तेव्हा ती एकदा माझ्या शेजारणीच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाय, या तुझ्या मोरीखाली आमचा खला व्हता." भांडणाचा सूर नव्हता, पत्ता सांगावा तसं तिनं ते सांगितलं. तुझ्या प्रकल्पात ते खळं यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता आजोबांची बाजू. तीही खरी आहे आणि ती कमी लेखू नकोस. रस्ते मातीचे होते. जून-जुलैत आमच्याकडची पुरुष मंडळी चपला हातात घेऊन स्टेशनपर्यंत जायची, तिथं पाय धुऊन पिशवीतले बूट चढवायची आणि फोर्टातल्या कचेरीत वेळेवर हजर व्हायची. नळाला पाणी रात्री-अपरात्री यायचं, म्हणून एकानं जागायचं आणि साऱ्या चाळीला उठवायचं. या हालांमध्ये त्या पिढीनं शाळा काढल्या, वाचनालयं चालवली, गाण्याचे वर्ग सुरू केले. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, म्हणजे आजोबा आले तेव्हा नुकती रांगायला लागली होती. गणेश मंदिर संस्थान मात्र १९२४ चं. म्हणजे 'आम्ही आलो तेव्हा काहीच नव्हतं' या म्हणण्यात आजोबांच्याही आधी आलेले पांढरपेशे वगळले जातात, तर शेतकऱ्यांचं काय सांगावं!

एक प्रश्न त्यांना जरूर विचार : गिरगाव सोडून इथंच का? बहुतेक घरांत उत्तर पैशाचं आणि लोकलचं निघेल. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर पागडीशिवाय, म्हणजे आधी मोठी रोख रक्कम मोजल्याशिवाय, खोली मिळेना, आणि पागडी नोकरदाराच्या आवाक्याबाहेर. मुंबईची हद्द १९५७ मध्ये मुलुंड-दहिसरपर्यंत वाढली तरी डोंबिवली तिच्या बाहेरच राहिली, त्यामुळे जागा स्वस्त. कल्याणपर्यंत विजेची गाडी तर त्याच्या कितीतरी आधीपासून धावत होती. त्यात १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. भाडेकरूला मालक होता येऊ लागलं. आमच्यासारख्या कारकून-शिक्षकांच्या घरांत ही फार मोठी गोष्ट होती.

या कथेची दुसरी बाजू क्वचितच कोणी सांगतं. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि जमीन कसणारी कुळं कायद्यानं मालक झाली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसलेल्या माणसाला हातात मालकी मिळते, आणि तिची घडी बसते न बसते तोच बिल्डर दारात येतो. भावाभावांत वाटण्या, मुलीचं लग्न, आजारपण, समोर रोख रक्कम. जमीन गेली. ज्या वर्षांत आजोबा मालक झाले, त्याच वर्षांत शेजारच्या गावातला कोणी आपली मालकी सोडत होता. हे दोन्ही एकाच पानावर लिही.

घरातलं खरेदीखत किंवा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा उतारा) उघडून बघ. 'मौजे' या शब्दापुढे गावाचं नाव असेल : मौजे आयरे, मौजे गजबंधन-पाथर्ली, मौजे चोळे, असं काहीतरी. त्यापुढे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. तो नंबर घेऊन जुना सातबारा आणि फेरफार (जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याची नोंद) काढ, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात आणि बरेचसे आता सरकारच्या संकेतस्थळावरही आहेत. फेरफारात शेतकऱ्याचं नाव सापडेल, जमीन कुळानं घेतली की वारसानं मिळाली तेही दिसेल. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत 'भात' लिहिलेलं असेल. आजोबांना ते पान दाखव आणि मग पुन्हा आठवणी विचार. बघ कशा वेगळ्या निघतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीला ५० वर्षं होत आहेत. स्मरणिकेसाठी जुन्या सभासदांकडून आठवणी मागवल्या, पण सगळ्यांच्या सारख्याच : पाणी नव्हतं, चिखल होता, माणसं प्रेमळ होती. काय करावं? – एक सेक्रेटरी, डोंबिवली पश्चिम

उत्तर : 'आठवणी लिहा' असं सांगितलं की माणसं भाषणात बोलावं तसं लिहितात. त्यांना वस्तू दाखवा आणि त्यांच्याशी बोला. सोसायटीच्या पहिल्या सभांचं इतिवृत्त तुमच्याच कपाटात असेल. पहिली दोन-तीन वर्षं वाचून काढा. पंप कधी घेतला, वर्गणीवरून कोण भडकलं, टाकीचा स्लॅब कुणी घातला, सगळं त्यात असतं. जुन्या अल्बममधल्या बारशाच्या, मुंजीच्या फोटोंत माणसांच्या मागे काय दिसतं ते विचारा. गॅलरीतून शेत दिसतंय का, समोरची इमारत उभी आहे का? त्या फोटोवर साल लिहिलेलं असेल तर निम्मं काम झालं.

बायकांना वेगळं बसवून विचारा, ही माझी आग्रहाची विनंती. नवरे सकाळच्या लोकलनं जायचे ते रात्री परतायचे. दिवसभराची डोंबिवली बायकांनी पाहिली आहे. रॉकेलची रांग, दूधवाला कोणत्या गावाहून यायचा, आजारी मूल घेऊन कुठल्या डॉक्टरकडे धावायचं, नोकरी करणाऱ्या शेजारणीची मुलं कोण सांभाळायचं, हे त्याच सांगतील. आणि ज्यांचं नाव सभासदांच्या यादीत नाही, त्यांनाही स्मरणिकेत चार पानं द्या : वॉचमन, केर काढणाऱ्या बाई, पहिल्यापासून येणारा इस्त्रीवाला.

प्रश्न : माझं माहेर डोंबिवलीलगतच्या, महापालिकेत कधी आत तर कधी बाहेर असलेल्या २७ गावांपैकी एका गावात. लोक डोंबिवलीच्या जुन्या आठवणी सांगतात त्यात आमचं गाव नसतंच, असलं तर रिक्षाच्या थांब्यापुरतं. आमच्या आठवणी कोणी लिहायच्या? – एक वाचक

उत्तर : ताई, तुम्हीच लिहायच्या, आणि लवकर. तुमचं पत्र वाचून मी अस्वस्थ झाले, कारण तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे.

तुमच्या गावांनी जे सोसलं त्याला तोड नाही. साठच्या दशकात एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा गावं तिच्यात घेतली, २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली. दर वेळी पाणी, रस्ता, कर यांचा कारभार नव्या टेबलावर. माझ्या वर्गात या गावांतली मुलं असायची. त्यांच्या दाखल्यावर पालकाचा धंदा 'शेती' लिहिलेला असायचा, आणि धाकट्या भावंडाच्या दाखल्यावर 'मजुरी' किंवा 'कंपनी'. एकाच घरात, काही वर्षांच्या अंतरानं. शाळेची जुनी जनरल रजिस्टरं बघायला मिळाली तर हा बदल तुम्हांला गावभर दिसेल.

सगळ्यात आधी गावातली धवलारीण गाठा. आगरी लग्नातले धवले, म्हणजे विधींची गाणी, तिला तोंडपाठ असतात आणि त्यांतले बरेचसे कुठंही लिहिलेले नाहीत. तिचं वय झालेलं असेल. मोबाइलवर रेकॉर्ड करा, घाई करू नका, मध्येच ती थांबली तर थांबू द्या. मग शेतांची नावं विचारा. आगरी घरांत प्रत्येक खाचराला नाव असायचं, कुणाचं झाडावरून, कुणाचं ओढ्यावरून. गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या आणि घरातल्या जुन्या माणसाला त्यावर बोट ठेवून नावं सांगायला लावा. आज तिथं कोणती इमारत आहे तेही शेजारी लिहा.

शिक्षक, कारकून, बँकवाले यांच्या आठवणी छापून आल्या, कारण लिहिण्याची सवय आम्हांला होती. तुमच्या वडिलधाऱ्यांनी सगळं तोंडी ठेवलं. तेवढ्यावरून तुमचं गाव कमी जुनं ठरत नाही. तुम्ही जे जमवाल ते या सदराकडे पाठवा. भाषा बदलून पाठवू नका. आजी जशी बोलली तसंच उतरवा, मी तसंच छापायला सांगेन.