होणारा जावई मॉर्मन आहे. त्याला ख्रिस्ती म्हणायचं का?

ताई, सप्रेम सलाम.

आम्ही मूळचे नगरचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. गेली अठरा वर्षं अमेरिकेत, युटातल्या लीहाय गावी राहतो. मुलगी सव्वीस वर्षांची, नर्स आहे. तिने लग्नासाठी मुलगा पसंत केलाय, तो मॉर्मन आहे. मुलगा सालस, कष्टाळू, निर्व्यसनी. पण ह्यांनी जेवताना सरळ सांगून टाकलं, “मॉर्मन लोक ख्रिस्ती नाहीत.” लेक ताटावरून उठून गेली. ती म्हणते, तोही येशूच्याच नावाने प्रार्थना करतो. तिकडे नगरला सासूबाईंना एवढंच कळलंय की मुलगा ख्रिस्ती आहे, आणि त्या सगळ्या मंडळीत आनंदाने सांगत सुटल्यात. खरं कोणाचं? आणि सासूबाईंना मी काय सांगू?

— एक आई, युटा

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचे यजमान आणि तुमची लेक दोघंही खरं बोलतायत, म्हणून हे भांडण मिटत नाही. “ख्रिस्ती” या एका शब्दात दोघं दोन वेगळ्या गोष्टी विचारतायत. लेक विचारते, हा मुलगा कोणाला प्रभू मानतो? यजमान विचारतात, याचा विश्वास आपल्या मंडळीच्या विश्वासाशी जुळतो का?

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मॉर्मन मंडळी येशूला देवाचा पुत्र मानतात, तारणारा मानतात, तो वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला असं मानतात. त्यांच्या मंडळीचं नावच मुळी ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ आहे, आणि २०१८ पासून त्यांचे पुढारी आग्रहाने सांगतायत की आम्हाला ‘मॉर्मन’ म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. मी इथे तोंडात बसलेला शब्द वापरतेय, पण मुलाच्या आईवडिलांसमोर तुम्ही तो जपून वापरा. प्यू रिसर्च सेंटरने २०११ च्या सुमारास विचारणा केली तेव्हा ९७ टक्के मॉर्मनांनी आपला धर्म ख्रिस्तीच आहे असं सांगितलं. इतर अमेरिकनांमध्ये मात्र जेमतेम निम्मे लोक हो म्हणाले आणि जवळजवळ एक तृतीयांश नाही म्हणाले. म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलावर जे झालं ते त्या देशात घराघरांत होत आलंय.

आता यजमानांचा प्रश्न. इथे मला थोडं थांबून सांगावं लागेल, कारण “किरकोळ फरक आहेत, चालवून घ्या” असं सांगणं तुमची फसवणूक ठरेल.

तुम्ही ज्या गावात राहता त्याचं नाव कुठून आलं ठाऊक असेलच. लीहाय हा ‘मॉर्मनचं पुस्तक’ या त्यांच्या धर्मग्रंथातला संदेष्टा. ख्रिस्तापूर्वी सहाशेच्या सुमाराला तो कुटुंबासह यरुशलेम सोडून समुद्रापार अमेरिकेत गेला, आणि पुनरुत्थानानंतर येशूने त्याच्या वंशजांना तिथे दर्शन दिलं, असं ते पुस्तक सांगतं. जोसेफ स्मिथ या तरुणाने ते १८३० साली न्यूयॉर्क राज्यात छापलं आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला मंडळी स्थापन केली. आपल्यासाठी पवित्र शास्त्र उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, तिथे ते संपतं. त्यांच्यासाठी त्याच्या जोडीला आणखी तीन ग्रंथ शास्त्र आहेत, आणि त्यांच्या अध्यक्षाला ते आजच्या काळातला संदेष्टा मानतात.

पण खरा दुवा तुटतो तो देवाविषयीच्या शिकवणीत. इसवी सन ३२५ ला निकिया येथे जी परिषद भरली, तिच्यातून पुढे जो विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, घडला, तो कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांचा समान पाया आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन, पण सत्त्वाने एकच देव. मॉर्मन हा अंगीकार मानत नाहीत. त्यांच्या शिकवणीप्रमाणे हे तिघं हेतूने एक आहेत, पण तीन वेगळ्या व्यक्ती आहेत, आणि पित्याला माणसासारखं हाडामांसाचं शरीर आहे. शिवाय माणूस आपल्या स्वर्गीय पित्यासारखा होत होत देवत्वापर्यंत जाऊ शकतो, अशीही त्यांची आशा आहे. ही शिकवण आपल्या पाळकांसमोर ठेवली तर ते म्हणतील, हा येशूचा आदर आहे, पण हा आपला त्रैक्याचा सिद्धांत नाही. आणि ते बरोबर म्हणतील.

म्हणूनच त्यांचा बाप्तिस्मा इतर मंडळ्या मान्य करत नाहीत. तेही “पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने” म्हणूनच पाण्यात पूर्ण बुडवतात. तरीही २००१ च्या जूनमध्ये रोमने, म्हणजे कॅथलिकांच्या व्हॅटिकनने, स्पष्ट निर्णय दिला की तो बाप्तिस्मा वैध नाही, कारण शब्द तेच असले तरी त्यांमागचा देव वेगळा समजला जातो. युनायटेड मेथडिस्ट चर्चनेही २००० साली अशीच भूमिका घेतली. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरातली कोणी हे वाचत असेल तर तिने ध्यानात ठेवावं की मॉर्मन जोडीदाराशी चर्चमध्ये लग्न करायचं तर बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करताना जी परवानगी लागते, तीच लागेल. फादरना आधी भेटावं, हॉल ठरवल्यानंतर नव्हे.

यजमानांना एक गोष्ट मात्र सांगा, कारण ती बहुतेकांना माहीत नसते. नकार दोन्ही बाजूंनी आहे. जोसेफ स्मिथच्या सांगण्यानुसार १८२० साली, चौदा वर्षांचा असताना, त्याला पित्याचं आणि पुत्राचं दर्शन झालं. कोणत्या मंडळीत जाऊ, या त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं की कुठल्याच नको, सगळ्या चुकलेल्या आहेत. प्रेषितांच्या पाठोपाठ खरा अधिकार पृथ्वीवरून गेला आणि तो आमच्यामार्फत परत आला, हा त्यांच्या विश्वासाचा कणा आहे. म्हणून तुमच्या लेकीचा नगरच्या चर्चमध्ये झालेला बाप्तिस्मा त्यांच्या लेखी धरला जात नाही. ती त्यांच्यात गेली तर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल. “आम्ही ख्रिस्ती नाही का?” असं मॉर्मन शेजारी दुखावून विचारतात तेव्हा मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण हाच प्रश्न नगरच्या आजीही त्यांना विचारू शकतात.

आपल्याकडे याच्या उलटं घडलेलं आहे, म्हणून मला हा फरक नीट दिसतो. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन होते, बाप्तिस्ट होते, प्रेस्बिटेरियन परंपरेतले होते. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करावा की कळत्या माणसाचाच, यावर त्यांचं शतकानुशतकं पटलेलं नव्हतं. तरी एकत्र आले, दोन्ही रीती ठेवल्या, कारण देव कोण याबद्दल वाद नव्हता. मॉर्मनांशी असा मेळ बसलेला नाही, आणि त्यांनाही तो नको आहे.

मग मी काय म्हणते? मी त्या मुलाला ख्रिस्ती म्हणेन. जो माणूस रोज गुडघे टेकून येशूला आपला तारणारा म्हणतो, त्याला “तू ख्रिस्ताचा नाहीस” असं तोंडावर सांगायचा अधिकार माझा नाही. आणि त्याच श्वासात मी म्हणेन की तो आपल्या मंडळीच्या परंपरेतला ख्रिस्ती नाही. त्याचा पंथ वेगळा, नवा आहे, आणि लग्नात हा वेगळेपणा रोज समोर येणार आहे. यजमानांनी तेवढं वाक्य बदललं, “ते ख्रिस्ती नाहीत” ऐवजी “त्यांचा विश्वास आपल्यासारखा नाही” म्हटलं, तर लेक ताटावरून उठणार नाही. ती बसेल आणि विचारेल, कसा नाही? आणि ते बोलणं तुमच्या घरात व्हायलाच हवं.

त्या बोलण्यात लग्नाचा दिवस पहिल्यांदा काढा. मॉर्मनांची रविवारची उपासना कोणालाही खुली असते. तुम्ही दोघं एकदा जाऊन या. मी शेजारणीबरोबर गेले होते. छपरावर क्रूस नाही, वेदीवर मेणबत्त्या नाहीत, पगारी पाळक नाही. आपापली नोकरी सांभाळून सेवा करणारा बिशप असतो. प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारसाऐवजी पाणी. लहान मुलं भरपूर, त्यांचा कलकलाट भरपूर, मला ते फार आवडलं. पण टेंपल म्हणजे वेगळी वास्तू, आणि तिथे मंडळीच्या अटी पाळणारे सभासदच आत जाऊ शकतात. त्यांचं “अनंतकाळचं” लग्न तिथे होतं. तुमची लेक सभासद झाली आणि टेंपलमध्ये लग्न ठरलं, तर आई म्हणून तुम्ही बाहेर बागेत बसाल. सासूबाई नगरहून एवढा प्रवास करून आल्या तर त्याही.

यावर आता वाट आहे. पूर्वी अमेरिकेत आधी बाहेर लग्न केलं की टेंपलसाठी वर्षभर थांबावं लागे, म्हणून मुलं आईवडिलांना बाहेर ठेवून थेट टेंपलमध्ये लग्न करायची. २०१९ च्या मे महिन्यात ती अट काढली. आता सगळ्यांसमोर लग्न करून नंतर टेंपलचा विधी करता येतो. नव्या सभासदाला मात्र बाप्तिस्म्यानंतर साधारण वर्षभर थांबावं लागतं. तेव्हा मुलाला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट विचारा: लग्न सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होईल ना? ही मागणी वाजवी आहे, ती संकोच न करता करा. लेक सभासद होणारच नसेल, तर टेंपलचा प्रश्न येत नाही. पण मग मुलाच्या आईच्या मनात मोठी खंत राहील, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे टेंपलमध्ये जोडलेलं कुटुंबच मरणानंतर एकत्र राहतं. त्या बाईचं दुःखही खरं आहे, तिच्याशी कठोर होऊ नका.

दुसरी गोष्ट मुलांची. त्यांच्यात आठव्या वर्षी बाप्तिस्मा होतो. “तेव्हाचं तेव्हा बघू” हे उत्तर स्वीकारू नका. चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दशांश कुठे जाईल, रविवार कुठल्या चर्चमध्ये, हेही लग्नाआधी बोलायचं.

तिसरी गोष्ट तुम्ही पत्रात विचारलेली नाही, पण नगरच्या घराला ती लागेल. मॉर्मन आपल्या मृत पूर्वजांच्या वतीने टेंपलमध्ये बाप्तिस्मा घेतात. त्यासाठीच ते वंशावळी शोधतात, त्यांची अभिलेखागारं जगात नावाजलेली आहेत. त्या मृत आत्म्याने तो स्वीकारावा की नाकारावा हे त्याच्यावर सोपवलेलं असतं, असं ते मानतात. अमेरिकन मिशनरी १८३१ साली नगरला आले, म्हणजे मॉर्मनचं पुस्तक छापून झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. पुढे त्या गावात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांतल्या अनेकांना घर सुटलं, गावाने वाळीत टाकलं. तुमच्या पणजोबांनी तो बाप्तिस्मा काय किंमत देऊन घेतला असेल! तुमची लेक सभासद झाली तर एक दिवस त्यांचं नाव टेंपलला द्यायचा विचार तिच्यासमोर येईल. ती वाईट हेतूने देणार नाही, प्रेमानेच देईल. पण आजींना ते कळलं तर त्या म्हणतील, आमच्या माणसाचा बाप्तिस्मा अपुरा होता का? याबद्दल लेकीशी आजच बोला. घराण्याची गोष्ट तिला पूर्ण सांगा, नावांसकट. ती तिकडे वाढली, तिला ती कदाचित माहीतच नसेल.

सासूबाईंना फोनवर खरं सांगा, आणि तुम्हीच सांगा, दुसऱ्या कोणाकडून जायच्या आत. म्हणा, “मुलगा येशूला मानणारा आहे, पण आपल्या मंडळीतला नाही, त्यांचं आणखी एक पुस्तक आहे.” त्या विचारतील, “त्यांच्यात चार-चार बायका करतात ना?” १८९० साली त्यांच्या अध्यक्षांनी जाहीरनामा काढून ती रीत थांबवली, आणि आज कोणी तसं केलं तर त्याला मंडळीतून काढतात. फुटून निघालेले काही गट अजून करतात, त्यांचा या मुलाच्या मंडळीशी संबंध नाही. हे निःशंकपणे सांगा.

आणि मुलाला घरी बोलवा. महिन्याचा पहिला रविवार टाळा, त्या दिवशी त्यांचा उपास असतो. बोलवायचंच असेल तर जेवण संध्याकाळी ठेवा. चहा-कॉफी तो घेणार नाही, १८३३ पासूनचा त्यांचा नियम आहे, त्यात तुमच्या चहाचा अपमान नाही. गवती चहा आणि आलं उकळून, चहापत्ती न घालता, दूध-साखर घालून द्या. ते त्यांना चालतं. जेवण झालं की यजमानांनी त्याला एकच विचारावं, येशू तुझ्यासाठी कोण आहे? आणि तो बोलेल तेव्हा मधे बोलू नये. मग त्याने विचारलं, तर आपलंही सांगावं.