वाचकांचे प्रश्न : ढोल घुमत का नाही?

प्रश्न : माझ्या हॅचबॅकमध्ये कंपनीचा स्टिरिओ आणि चार स्पीकर आहेत. रोज शिरपूर-धुळे ये-जा असते. आवाज थोडा वाढवला की अहिराणी गाण्यातला ढोल नुसता भदभद वाजतो आणि गाणाऱ्याचा आवाज फाटतो. दुकानदार म्हणतो, 300 वॉटचे स्पीकर टाका. स्टिरिओ तोच ठेवून जमेल का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : जमेल, पण ते 300 वॉट विसरा. खोक्यावरचा तो मोठा आकडा क्षणभराचा असतो. तुमच्या स्टिरिओवर '50×4' छापलेलं असलं तरी एका स्पीकरला सलग मिळतात 15 ते 20 वॉट. तेवढ्यात मोकळा वाजणारा स्पीकर हवा, म्हणून खोक्यावर सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला स्पीकर किती जोरात वाजतो तो आकडा) शोधा. 90 डेसिबल किंवा जास्त असेल तर घ्या. 87 चा घेतलात तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट ताकद लागेल, आणि ती स्टिरिओकडे नाही. जुन्या स्पीकरच्या मागे किती ओहम (विजेला होणारा अडथळा) लिहिलंय तेही बघा. बहुतेक गाड्यांत 4 असतं. तिथे 2 ओहमचा लावला तर स्टिरिओ तापतो.

कोनची, म्हणजे स्पीकरच्या पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याची, कड रबराची घ्या. फोमची कड आपल्याकडच्या उन्हात लवकर भुगा होते.

आता भदभदीचं. तिचा दोष बहुतेक वेळा दाराचा असतो. कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. त्यातून मागची लाट पुढे येते, पुढचीला खाऊन टाकते आणि बास उरत नाही. वर बाहेरचा पातळ पत्रा थरथरतो तो वेगळाच. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर मागचे स्पीकर आहेत तसे ठेवा आणि पुढच्या दोन दारांवर खर्च करा. 2 मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल शीट (थरथर दाबणारी चिकट रबरी शीट) दोन्ही दारांना मिळून दीड-दोन चौरस मीटर लागते. आधी बाहेरच्या पत्र्याला आतून, मग आतल्या भोकांवर. स्वस्त डांबरी शीट नको. मे महिन्यात 44-45 अंशांत उभ्या गाडीचं दार भट्टीसारखं तापतं, शीट सुटून खाली काचेच्या यंत्रणेत पडते आणि डांबराचा वास गाडीभर. पत्रा थिनरने पुसून धूळ-तेल काढल्याशिवाय ब्यूटाइलही धरत नाही. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती मात्र उघडीच ठेवा, नाहीतर दार आतून गंजेल.

स्पीकर घेण्याआधी काच पूर्ण खाली करून बसवायच्या जागेपासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. मॅग्नेट आणि काच यांच्यात किमान 5 मिलिमीटर मोकळं राहायला हवं. खोली कमी पडली तर स्पेसर (स्पीकरखाली बसणारी जाड रिंग) लावतात, पण एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या फळीचा) नको, पावसाचं पाणी पिऊन तो फुगतो. प्लास्टिकचा घ्या. स्पेसर आणि पत्रा यांच्यात फोमची पट्टी दाबून बसवा, त्या फटीतूनही बास गळतो.

दाराचं पॅड काढताना हँडलच्या खाचेतले लपलेले स्क्रू आधी शोधा, नंतर खालून प्लास्टिकच्या पट्टीने उचका. उन्हाने कडक झालेल्या क्लिपा दोन-चार तुटतातच, दहा जास्तीच्या जवळ ठेवा.

वायर कापू नका. तुमच्या मॉडेलचा तयार कपलर (वायर जोडायचा प्लग) मिळतो. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरला वायरिंगची वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं. प्लस-मायनसची खात्री नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या टोकाला, तो स्पीकरचा प्लस. ही चाचणी मोठ्या कोनवरच करा, सुट्या ट्वीटरवर (बारीक, उंच आवाजाच्या छोट्या स्पीकरवर) नको. एका दाराचं उलटं लागलं तर गाणाऱ्याचा आवाज डॅशबोर्डच्या मधून न येता इकडेतिकडे पसरतो आणि ढोल पुन्हा गायब.

शेवटी स्टिरिओत हाय-पास (खोल आवाज गाळणारी सेटिंग) असेल तर 80 हर्ट्झला लावा. नसेल तर प्रत्येक स्पीकरच्या प्लस वायरीत 470 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर जोडा. 4 ओहमला तो साधारण 85 हर्ट्झपासून खाली काट मारतो. खोल बास थोडा जातो खरा, पण फाटणं थांबतं. छाती हलवणारा ढोलच हवा असेल तर सीटखाली बसणारा, स्वतःचा अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा डबा) असलेला छोटा सबवूफर (फक्त खोल बास वाजवणारा स्पीकर) लावा.

प्रश्न : चार चॅनलचा अ‍ॅम्प बसवल्यापासून एक्सलेटर दिला की स्पीकरमधून कुईं आवाज येतो.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : हा अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) आवाज, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा खराब अर्थिंग. अ‍ॅम्पची अर्थ वायर अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर घट्ट बोल्ट करा. सीट बेल्टच्या बोल्टवर नको. बॅटरीची वायर एका बाजूने आणि आरसीए केबल (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणारी) दुसऱ्या बाजूने न्या. अ‍ॅम्पवरचा गेन (येणारा सिग्नल वाढवायचा खटका) कमी करून बघा, पुष्कळदा तो शेवटच्या टोकाला फिरवलेला असतो. आणि बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज आहे ना, ते आजच बघा. नसेल तर ती वायर घासून पत्र्याला टेकली की थेट पेटते.