दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधायचे?

तुमचा प्रश्न असा: स्क्रॅबल खेळताना ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं हातात आली. तुम्ही मराठी माध्यमातल्या, तुम्हाला 'टेन' आणि 'रेन'च्या पुढे काही सुचेना. नववीतल्या पुतणीने मात्र सातही अक्षरं एका दमात लावली. यासाठी काही युक्ती असते का?

असते. मीही मराठी माध्यमातलाच, त्यामुळे घोडं कुठे अडतं ते मला ठाऊक आहे. आपण शब्द कानाने शोधतो. मराठी शब्दकोड्याच्या चौकटीत 'पु' लिहिला की तो शेवटपर्यंत 'पु'च राहतो. इंग्रजीत पी आणि यू शेजारी आले की कधी पुट, कधी पन, कधी प्युअर. अक्षरं ओळीत मांडली की आपण ती नकळत वाचतो आणि तो वेडावाकडा उच्चार डोक्यात रुतून बसतो. म्हणून ओळीत मांडूच नका. कागदावर गोल लिहा, घड्याळाच्या आकड्यांसारखी. सुरुवात कुठली नि शेवट कुठला हेच कळेनासं झालं की कान गप्प बसतो.

दुसरी गोष्ट मी वडिलांकडून उचलली. ते नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे खणाखणांच्या पेटीत, सगळ्यात मोठा खण ई चा, कारण तोच सारखा लागतो. क्यू आणि झेडचे खण एवढेसे. वडिलांना इंग्रजी बोलता यायचं नाही, पण शब्दांच्या शेपट्या त्यांच्या बोटांना पाठ होत्या: आय-एन-जी, टी-आय-ओ-एन, ई-आर. अर्थ कळो न कळो, हात आपोआप त्या खणांकडे जायचा.

तेच तुम्ही करा. आधी शेपटी काढून बाजूला ठेवा. तुमच्या सात अक्षरांतून ई-आर काढलं तर उरतात ए, आय, एन, एस, टी. ती एन-ए-एस-टी-आय अशी लावून मागे ई-आर जोडलं की झालं 'नॅस्टिअर'. आता शेपटी सोडा, डोकं धरा. आर-ई पुढे ठेवलं की उरलेल्यांतून टी-ए-आय-एन-एस, म्हणजे 'रिटेन्स'. नुसता एस बाजूला काढला तर सहा अक्षरांत 'रेटिना' दिसतो, त्याला एस परत लावा. सातही टाइल्स (अक्षरांच्या सोंगट्या) एकदम लावल्याचे ५० गुण जादा मिळतात. पुतणीने बहुधा यांतलंच काहीतरी केलं असणार.

एस जपून वापरा. शंभर टाइल्समध्ये ई बारा आहेत, एस फक्त चार. हा खेळ काढणारे अमेरिकन आर्किटेक्ट आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हे प्रमाण बसवलं. एस मात्र मुद्दाम कमी ठेवला, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटला असता. नवशिके तो दोन-तीन गुणांसाठी उधळतात.

बिना यूचा क्यू आला तरी घाबरू नका. तिथे आपण जरा पुढेच आहोत: तलाक, फकीर हे दोन्ही शब्द क्यू घालून, पण यू न लावता, कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीत, म्हणजे खेळात चालणाऱ्या शब्दांच्या यादीत, आहेत.

आता खेळाबाहेरचं. 'ही अक्षरं असलेले शब्द' याचे दोन अर्थ होतात आणि लोक ते हमखास एकात एक मिसळतात. पी, यू, एन, ई घ्या, म्हणजे आपलं पुणं. ही चारही अक्षरं कुठेतरी असली, सोबत आणखी असली तरी चालेल, असं म्हणाल तर पीनट, पेंग्विन, नेपच्यून, न्यूमोनिया आणि (पुणेकरांनी हसू नये) पंक्चर. हीच आणि एवढीच अक्षरं हवीत म्हणाल तर माझ्या माहितीतला एकही रोजचा शब्द बनत नाही. आर जोडला तर प्रून, डी जोडला तर अपेंड (यू-पी-ई-एन-डी), बस्स.

पहिल्या प्रकाराला संगणक म्हणजे चाळणी. दर ओळीला एक शब्द अशी यादी घ्यायची आणि लिनक्स या संगणक-प्रणालीतल्या ग्रेप या शोधायच्या आज्ञेने आधी पी असलेल्या ओळी निवडायच्या, त्यांतून यू असलेल्या, मग एन, मग ई. दुसऱ्या प्रकाराला चाळणी पुरत नाही. तिथे प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावायची. स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स या सहाही शब्दांची रांग ओ-पी-एस-टी हीच येते. रांग जुळली की शब्द सापडला. वहीत पेन्सिलीनेही हे जमतं, वेळ लागतो एवढंच.

राहता राहिला कोश. कुठला मानायचा ते पहिली टाइल ठेवण्याआधी ठरवून घ्या. मी एकदा बी-ए-एन-डी-एच लावलं, आपला 'बंद', तर भाचा हटून बसला, "मामा, हे मराठी आहे, चालणार नाही." अर्धा तास वाद. शेवटी कोश उघडला, त्यात होता. अकरा गुण मिळाले, पण तोवर भजी गार झाली होती.