प्रदर्शनात चव घेण्याआधी झाडाचं नाव विचारा

तुमचा प्रश्न असा आहे: नाशिकला सहा महिन्यांपूर्वी आयुर्वेदिक आणि नैसर्गिक उत्पादनांचं लहान दुकान टाकलंय, आता पहिल्यांदाच मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला जाणार आहात, आणि शेकडो स्टॉलमधून दुकानात ठेवण्यासारखं नवं काही कसं ओळखायचं हे तुम्हाला हवंय.

पहिल्या दिवशी एकही ऑर्डर देऊ नका. "आज बुक केलंत तर वीस टक्के जास्त मार्जिन" असं दर दुसऱ्या स्टॉलवर ऐकू येईल. तरीही नको. कोल्हापुरात माझं तुमच्यासारखंच दुकान आहे, चौदावं वर्ष चालू आहे, आणि ही गोष्ट मी फार महागात शिकले.

तिसऱ्या वर्षी अशाच एका प्रदर्शनातून मी सांधेदुखीचं चूर्ण आणलं. डबी सुंदर, स्टॉलवरचा माणूस गोड बोलणारा. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी ते घ्यायला लागले आणि आठ दिवसांत काठी न घेता देवळात जाऊ लागले. त्यांनी चार जणांना सांगितलं, माझा माल संपला, मी पुन्हा मागवला. दोन महिन्यांनी गुरुजी दुकानात आले तेव्हा चेहरा गोल, सुजल्यासारखा झाला होता. साखर एकाएकी वाढली होती. त्यांच्या डॉक्टरांना शंका आली की चूर्णात स्टेरॉइड मिसळलेलं असावं. त्यांनी हेही सांगितलं, की ते एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, देखरेखीखालीच हळूहळू उतरवावं लागेल. मी कंपनीकडे त्या बॅचचा तपासणी अहवाल मागितला आणि त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. उरलेला माल मी बाजूला काढून ठेवला, अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवलं, आणि ज्यांनी ज्यांनी डबी नेली होती त्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगितलं. गुरुजी बरे झाले. पण काष्ठौषधीचं, म्हणजे झाडपाल्याचं, म्हणून दिलेलं औषध आठ दिवसांत चमत्कार करायला लागलं तर आनंद नाही, धास्ती वाटायला हवी, हे तेव्हापासून मनात घट्ट बसलं.

त्यानंतर मी प्रदर्शनांना जाणं थांबवलं नाही, फक्त फिरायची रीत बदलली. डिसेंबर २०२२ मध्ये पणजीला नववी जागतिक आयुर्वेद काँग्रेस झाली, ८ ते ११ तारखेपर्यंत, आणि तिच्याबरोबर आरोग्य एक्स्पो होता. आम्हाला गोवा जवळ, म्हणून मी आणि माझी मुलगी आंबोली घाट उतरून गेलो. पहिला दिवस नुसता वही घेऊन फिरलो. प्रत्येक स्टॉलवर तेच तीन प्रश्न विचारले: यात कोणती वनस्पती आहे, तिचा कोणता भाग आहे, आणि ती आली कुठून? "आमचं शंभर टक्के नैसर्गिक आहे" एवढंच उत्तर मिळालं की वही मिटून पुढे. निम्मे स्टॉल इथेच गळतात.

हे तीन प्रश्न का, ते नीट सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

गुळवेल घ्या. करोनाच्या काळात घरोघरी काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचा लेख प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की त्या रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती याची खात्री केलेली नाही, तशीच दिसणारी दुसरी एक जात असते. तो वाद आपल्यासारख्या दुकानदाराने सोडवायचा नाही. पण आपल्या डबीतली वेल कोणती हे बनवणाऱ्याला ठाऊक आहे का, एवढं तर आपण विचारूच शकतो. ज्याला टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया (खरी गुळवेल) आणि टिनोस्पोरा क्रिस्पा (तिच्यासारखी दिसणारी) यांतला फरक सांगता येत नाही, त्याची गुळवेल मी ठेवत नाही. आणि फरक सांगता आला तरी यकृताचा आजार असलेल्या गिऱ्हाइकाला वैद्यांना विचारल्याशिवाय देत नाही.

अशोकाचंही तसंच. अशोकारिष्टाला लागते ती सीतेच्या अशोकाची साल. बंगल्यांच्या कुंपणाला सरळ उंच वाढलेला जो आपण पाहतो तो खोटा अशोक. त्याचीही साल अशोक म्हणून बाजारात येते, कारण तो कुठेही मिळतो आणि सीता-अशोक दुर्मिळ झालाय. कोकणातल्या सुरंगीच्या कळ्या तांबडा नागकेशर म्हणून विकल्या जातात. ही भेसळ नेहमी कुणी मुद्दाम करतं असंही नाही. नावाचा घोळ खेड्यातल्या गोळा करणाऱ्यापासून सुरू होतो आणि डबीपर्यंत कुणी तपासतच नाही.

आता "कोणता भाग". अश्वगंधेचं मूळ वापरायचं असतं. पण पानं स्वस्त आणि भरपूर मिळतात, त्यांतही विथॅनोलाइड्स, म्हणजे अश्वगंधेतले मुख्य घटक, असतात, त्यामुळे अर्क काढणाऱ्याला मोह होतो. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना सूचना काढली, की अश्वगंधेची पानं वापरू नयेत. स्टॉलवर "पाच टक्के विथॅनोलाइड्स" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसेल. तो आकडा मुळाचा की पानांसकट, हे विचारा. पणजीला एका तरुण मुलाने मला प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, मला माहीत नाही, कारखान्यात विचारून कळवतो." त्याने आठवड्याने खरंच कळवलं, कागदासकट. आज त्यांची अश्वगंधा माझ्याकडे आहे. "माहीत नाही" म्हणणारा माणूस मला पाठ केलेलं बोलणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो.

नव्या उत्पादनांत सध्या सगळ्यात जास्त गर्दी अर्कांची असते, आणि तिथे नैसर्गिक या शब्दाने फसायला होतं. आमच्या शेजारच्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीशी आमचं नातं जुनं. साध्या हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा मुख्य घटक, साधारण तीन ते पाच टक्के. स्टॉलवरची कॅप्सूल असते पंचाण्णव टक्क्यांची. म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये जेवढं करक्युमिन, तेवढ्यासाठी तीन टक्क्यांची हळद पंधरा-सोळा ग्रॅम खावी लागेल. चांगले पाच चमचे! त्यात वर मिरीतलं पिपरिन घातलेलं असतं, ते शरीरात शोषण कैक पटींनी वाढवतं. आमटीतल्या चिमूटभर हळदीने पिढ्यान्‌पिढ्या कुणाला काही झालं नाही, हा अनुभव त्या कॅप्सूलला लागू होत नाही. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या अशा पूरक गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याची प्रकरणं पुढे आली होती. मी या कॅप्सूल अजिबात ठेवत नाही असं नाही, पण त्या काउंटरच्या आत असतात आणि देण्याआधी चार प्रश्न विचारते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर देत नाही.

परवान्याचं थोडक्यात. एकाच आकाराच्या दोन डब्या शेजारी ठेवलेल्या असतात. एक कायद्याने औषध असते, दुसरी अन्न. औषधावर राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने दिलेला आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. अन्नावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक. तो मोबाइलवर त्यांच्याच फॉसकॉस या संकेतस्थळावर टाकून तिथल्या तिथे पडताळता येतो. स्टॉलवाल्यासमोरच पडताळा, त्यात संकोच कसला? नाव वेगळं आलं तर विचारा, बनवतं कोण? बरेच जण दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेतात. त्यात गैर काही नाही, पण डबीवर बनवणाऱ्याचं नाव हवं. २०२२ पासून "आयुर्वेद आहार" असा तिसरा प्रकारही अन्नात आलाय, त्याचे वेगळे नियम आहेत आणि वेगळं चिन्ह. दोन वर्षांखालच्या बाळांसाठी तो प्रकार नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, कारण आया विचारतात. सेंद्रिय म्हणून सांगत असतील तर इंडिया ऑरगॅनिक किंवा जैविक भारतचं चिन्ह बघा. लहान शेतकरी स्वतः थेट विकत असेल तर त्याला सूट असते, पण तुमच्या दुकानातून विकताना ती सूट कामाला येत नाही.

मधुमेह मुळापासून घालवतो, कर्करोग बरा करतो असं पत्रकावर छापलेलं असेल तर पत्रकही घरी आणू नका. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आहे आणि पत्रक तुमच्या काउंटरवर सापडलं तर जबाब तुम्हालाही द्यावा लागेल.

तपासणी अहवाल मागा, ज्याला ते सीओए म्हणतात. मागितला की बहुतेक जण देतात. बघायचं कसं ते कुणी सांगत नाही. आधी बॅच नंबर बघा. हातातल्या सॅम्पलचा आणि अहवालावरचा जुळतो का? मला एकदा जो अहवाल दाखवला गेला तो दोन वर्षांपूर्वीचा होता, त्यातलं उत्पादनच वेगळं होतं. मग प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का ते पाहा. मग शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम हे चार धातू, आणि जंतूंची मोजणी. मधाला आणखी एक गोष्ट. २०२० च्या शेवटी सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीच्या संस्थेने तेरा ब्रँडचे मध तपासले, त्यांतले दहा एनएमआर या प्रगत चाचणीत उतरले नाहीत. साध्या चाचण्या चुकवणारे साखरेचे पाक त्यात मिसळलेले असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून मी मधाला कागदाबरोबर पेट्या कुठे ठेवतात, हंगाम कोणता, हेही विचारते. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, आम्हाला ते गाडीने जाऊन बघून येण्यासारखं आहे. मी गेले, पेट्या पाहिल्या, आणि मगच तिकडचा मध ठेवला.

आता पणजीत हाती काय लागलं ते सांगते. मोठे, दिव्यांनी उजळलेले स्टॉल संपले की मागच्या रांगेत बचत गटांची टेबलं होती. तिथे सिंधुदुर्गातल्या दोन बायका कोकमाचं आगळ घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या स्टॉलवर कोकमाचाच अर्क वजन घटवणारी कॅप्सूल म्हणून चालला होता, तिथे रीघ. या दोघींकडे कुणी नाही. मी विचारलं, यात काय आहे? "कोकम आणि मीठ, अजून कायच नाय." झाडं कुणाची? "आमचीच, परसातली." कधी केलं? "एप्रिल-मे मधला हा." सगळ्या प्रश्नांची उत्तरं अर्ध्या मिनिटात मिळाली. नोंदणीचा क्रमांक होता, तो पडताळला. दोन बाटल्या विकत घेतल्या, फुकट मागितल्या नाहीत. लहान माणसाकडून सॅम्पल फुकट घेऊ नये, त्याच्या दिवसभराच्या कमाईचा तो भाग असतो.

घरी आल्यावर एक बाटली उघडून फ्रीजबाहेर ठेवली, एक बंद. तीन महिने पाहिलं. बुरशी नाही, वास बदलला नाही. मार्चमध्ये चोवीस बाटल्या मागवल्या. पहिल्या खेपेत चार बाटल्यांची झाकणं गळाली, कारण त्या पाण्याच्या बाटल्यांसारखी साधी झाकणं लावत होत्या. मी फोन करून सांगितलं, त्यांनी आतून सील लावायला सुरुवात केली. गळलेल्यांचे पैसे मी कापले नाहीत. आता उन्हाळ्यात माझ्याकडे सर्वांत जास्त खपणारी वस्तू तीच आहे. तिच्यावर मी एकही आरोग्याचा दावा लिहिलेला नाही. रक्तदाब असलेल्यांना मिठाचं मात्र आवर्जून सांगते.

तुम्ही नाशिकचे, म्हणून एक सुचवते. प्रदर्शनात परराज्यातल्या कंपन्यांइतकाच वेळ आपल्याकडच्या गोळा करणाऱ्यांच्या गटांना द्या. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळं), शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन या सरकारी योजनेतून गोळा केलेली गुळवेल, तुमच्याच पेठ-सुरगाण्याची नागली. मोठ्या कंपन्यांच्या चूर्णांत जाणारा कच्चा माल यांच्यातल्याच कुणीतरी वेचलेला असतो. त्यांच्याशी बोललात की कोणती वस्तू कोणत्या महिन्यात निघते ते कळेल, आणि मग ऑगस्टमध्ये "ताजा बाळहिरडा" म्हणून कुणी पुढे केला तर तुम्हाला लगेच प्रश्न पडेल.

जाताना वही, भिंग (डबीवरची बारीक अक्षरं वाचायला खरंच लागतं) आणि रिकाम्या कागदी पिशव्या न्या. प्रत्येक सॅम्पलवर स्टॉल क्रमांक आणि तारीख तिथेच लिहा, संध्याकाळी हॉटेलवर सगळ्या पुड्या सारख्याच दिसतात. कोणत्या प्रदर्शनाला जाताय ते खाली लिहिलंत आणि तिथून आणलेल्या एखाद्या वस्तूच्या लेबलचा फोटो टाकलात, तर मी वाचून नक्की सांगेन.