सोळा चौकोन

प्रिय मित्रा,

तुमच्या बँडची ॲफ्रोबीटची चाल ऐकली, म्हणजे नायजेरियात घडलेल्या, फंक आणि जॅझ मिसळलेल्या शैलीतली, गाण्याविना फक्त वाद्यांवरची. सगळे सुरात आणि लयीत वाजवताय, तरी चाल हलत नाही. जुन्या रेकॉर्डसारखा आवाज येत नाही म्हणून टेपवर रेकॉर्ड करायचं मशीन घ्यायचा विचार आहे, असं तू लिहिलंस. ते पैसे सध्या राहू देत. दोष वादनाच्या मांडणीत आहे: गिटार, ऑर्गन आणि कोंगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) तिघंही सतत वाजतात.

एका बारचे, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाचे, सोळा चौकोन कागदावर आख. प्रत्येक वाद्याला एक ओळ दे, आणि ते जिथे वाजतं तिथे फुली मार. उभ्या रांगेत चार-पाच फुल्या वारंवार दिसल्या, तर तिथे गर्दी आहे. ॲफ्रोबीट घडवणाऱ्या फेला कुटीच्या ‘आफ्रिका ७०’ बँडमध्ये एक गिटार छोटा तुकडा घोळवत राहायची आणि दुसरी त्याच्या फटीत उत्तर द्यायची. तुमच्याकडे गिटार एकच असेल, तर दुसऱ्या गिटारचं काम ऑर्गनला दे आणि ऑर्गनचे लांब कॉर्ड काढून टाक. शेकेरे (मण्यांची जाळी घातलेला भोपळ्याचा खुळखुळा) मात्र अखंड चालू दे, बाकीच्यांना तोच आधार असतो.

ड्रमरला फेलाचा ड्रमर टोनी ॲलन ऐकायला सांग, पण आधी फक्त हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) ठासून मारला की ते सरळ रॉक होतं. ॲलनची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) अनपेक्षित जागी पडते, आणि मधले स्नेअरचे ठोके इतके हलके असतात की खोलीत जेमतेम ऐकू येतात. आवाज वाढवायचा मोह झाला की हेच ठोके आधी मरतात.

आता ब्रास, म्हणजे तुमची फुंकवाद्यं. चाल ई मायनर पट्टीत बांधलीय, कारण गिटारला ते सोपं. पण या वाद्यांचे स्वर वेगळ्या पट्टीत लिहितात, त्यामुळे ट्रंपेट आणि टेनर सॅक्सोफोनला ती एफ शार्प मायनर पडते, बॅरिटोन सॅक्सोफोनला सी शार्प मायनर, म्हणजे चार शार्प (चढे स्वर). नवखा वादक तिथे अडखळणारच. तीच चाल सी मायनरमध्ये घे: ट्रंपेटला डी मायनर, बॅरिटोनला ए मायनर. गिटारवाल्याची कुरकुर दोन तालमींत थांबेल. ब्रासला हार्मनी देण्याची घाई नको. आधी सगळे एकाच सुरात, बॅरिटोन सप्तक खाली. जाड, किंचित खरखरीत आवाज तिथूनच येतो. दर चार बारला श्वासाची जागा सोड.

गाणारा नसला की चालीला स्वतःचा चेहरा लागतो, आणि त्यासाठी इथियोपियाकडे बघ. तिथल्या मुलातू अस्ताट्के या संगीतकाराने १९६० च्या दशकात तिथले पाच स्वरांचे साचे जॅझमध्ये आणले. त्यातला आंबासेल म्हणजे सा, कोमल रे, म, प, कोमल ध, गुणक्री रागाचेच स्वर. मायनर तिझिता म्हणजे सा, रे, कोमल ग, प, कोमल ध. हे स्वर तुझ्या कानाला परके नाहीत, पण मींड, आलाप विसर. रागासारखं खुलवायला गेलास की ग्रूव्ह, म्हणजे लयीचा झोका, मोडतो. छोटा वाक्यांश घे, तोच परत वाजव.

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडच्या बुडोस बँडचं २००५ चं पहिलं रेकॉर्ड यासाठी ऐक. इथियोपियन स्वरांची ब्रास, खाली फंक, आणि बहुतेक चाली तीन-चार मिनिटांत संपतात. फेलाची चाल एलपीची अख्खी बाजू व्यापायची, कारण पुढे गाणं आणि शब्द यायचे. तुझी पाचव्या मिनिटाला थकते, ती चार मिनिटांवर आण. २०१४ च्या ‘बर्न्ट ऑफरिंग’मध्ये त्यांनीच जड रॉक गिटार घातली, तरी ठोक्यांमधली मोकळीक ठेवली. जुन्या शैलीत नवं काही घालायचं तर ते असं घालायचं.

रेकॉर्डिंग सगळ्यांनी एकाच खोलीत करा. बेस गिटारला फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत वेढ्याच्या, तारा लाव, ब्रिजजवळ (तारा जिथे टेकतात ती पट्टी) तारांखाली फोमची पट्टी सरकव. स्नेअरवर पंचाचा तुकडा टाक. गिटार ॲम्पला डिस्टॉर्शन नको, फक्त स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगमधून येणारा घुमारा. ड्रमवर दोनच माइक पुरे. दोन माइकमधलं अंतर, प्रत्येक माइक वाद्यापासून जितका लांब असेल त्याच्या निदान तिप्पट ठेव, नाहीतर लाटा एकमेकींना खातात आणि किक पोकळ वाटते. ब्रास भिंतीकडे तोंड करून उभी करू नका. ट्रंपेट माइकपासून दोन पावलं मागे, बॅरिटोन पुढे. मग एकदा फोनवर साधं रेकॉर्ड करा. त्यात शेकेरे आणि बॅरिटोन दोन्ही वेगवेगळे ऐकू आले, की पुढचं मला पाठव.