पाणी एकदाच का?

ह्या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे बाप्तिस्म्याविषयीची निघाली. शहरात सिंहस्थाची चर्चा सुरू झाली की स्नान, पाप आणि पाणी हे विषय आपोआप निघतात, त्याचाही हा परिणाम असावा. म्हणून हा स्तंभ ह्या महिन्यापुरता त्या एकाच विषयाला दिला आहे.

प्रश्न : माझ्या आईने दोन सिंहस्थांत रामकुंडावर स्नान केले आहे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातील मुलाच्या बाप्तिस्म्याला आम्ही गेलो, तेव्हा तेथेही पाणी आणि पापक्षालन हेच ऐकले. मग ख्रिस्ती माणसाला हे स्नान एकदाच का? पुढे पाप घडले तर तो काय करतो? (एक वाचक, पंचवटी)

'एकदाच' हा शब्द आपण नेमका हेरला आहे. गोदावरीतील स्नान माणूस स्वतः करतो. पर्वणी पाहतो, संकल्प सोडतो, बुडी मारतो आणि बारा वर्षांनी पुन्हा येतो. बाप्तिस्मा मात्र कोणालाही स्वतःचा स्वतःला देता येत नाही. पाणी दुसऱ्याच्या हातूनच यावे लागते, आणि हा नियम बिशपलाही चुकलेला नाही. मराठीत आपण 'बाप्तिस्मा घेतला' म्हणतो आणि त्यात घेणाऱ्याचे कर्तृत्व डोकावते. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत मात्र बहुतेक ठिकाणी त्या माणसाला बाप्तिस्मा 'दिला गेला' अशीच रचना आढळते. यहुदी लोकांत शुद्धीसाठी पाण्यात बुडी घेण्याची रीत आधीपासून होती आणि ती ज्याची त्याने घ्यायची असे. योहानाने लोकांना यार्देन नदीत आपल्या हाताने बुडवले, आणि 'बाप्तिस्मा करणारा' हे बिरुद त्याला कायमचे चिकटले.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणे असा आहे, आणि तो बुडालेल्या जहाजासाठीही वापरला जाई. हे जहाज लक्षात ठेवले तर प्रेषित पौलाचे म्हणणे लवकर उमगते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो बाप्तिस्म्याला चक्क मरण म्हणतो: पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे. खुद्द येशूनेही आपल्या येऊ घातलेल्या मृत्यूला 'मला घ्यायचा आहे तो बाप्तिस्मा' असेच म्हटल्याचे लूकच्या शुभवर्तमानात आहे. तेव्हा पाप धुतले जाते हे खरे असले, तरी धुणे हा अर्थाचा एकच पदर आहे. मळलेले वस्त्र पुन्हा पुन्हा धुता येते. मरण आणि जन्म ह्यांना पुनरावृत्ती नाही. म्हणूनच चौथ्या शतकात ठरलेल्या आणि आजही उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, पापांच्या क्षमेसाठी 'एकच' बाप्तिस्मा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे.

पुढच्या पापांचे काय, ही शंका आपल्या आधी अनेकांना आली आहे. आरंभीच्या शतकांत पुष्कळ लोक ह्याच भीतीने बाप्तिस्मा लांबणीवर टाकत. सम्राट कॉन्स्टंटाईनने तर तो इ. स. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर घेतला. (सम्राटांना हिशेब चांगला कळतो.) चर्चला ही पळवाट फारशी रुचली नाही. नंतर घडलेल्या पापांसाठी पश्चात्ताप आणि पापकबुली हा मार्ग आहे. कॅथलिक परंपरेत ती धर्मगुरूपुढे होते, तर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत सर्वांनी मिळून केली जाते. शिवाय प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, वारंवार होतो. जन्म एकदा आणि जेवण रोज, असे हे दोन संस्कारांचे नाते जुने उपदेशक समजावून सांगत.

प्रश्न : मी तीन महिन्यांचा असताना माझा बाप्तिस्मा झाला. आता मी ज्या मंडळीत जातो तेथे सांगतात की कपाळावर ओतलेले पाणी हा बाप्तिस्माच नव्हे. समजत्या वयात, पूर्ण बुडवून, पुन्हा घ्यावा. आई हे ऐकून दोन दिवस जेवली नाही. खरे कोणाचे? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

आपल्या मंडळीचे म्हणणे बिनबुडाचे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. नव्या करारात ज्यांचे बाप्तिस्मे सविस्तर वर्णिले आहेत ते ऐकणारे, विश्वास ठेवणारे, प्रौढ लोक आहेत. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातील कूशी (इथिओपियाचा) षंढ रथात वाचत बसलेला असतो, फिलिप्प त्याला अर्थ सांगतो, वाटेत पाणी दिसते आणि तोच विचारतो की मला बाप्तिस्मा घेण्यास काय अडचण आहे. तान्ह्या मुलाला असा प्रश्न विचारता येत नाही. ह्या मतासाठी लोकांनी जीवही दिले आहेत. १५२५ साली झुरिकमध्ये काही जणांनी प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, आणि १५२७ च्या जानेवारीत त्यांच्यातील फेलिक्स मान्झ ह्याला तेथील राज्यकर्त्यांनी लिमाट नदीत बुडवून मारले. पाण्यासाठी हट्ट धरणाऱ्याला पाण्यानेच शिक्षा द्यावी, ही त्या काळची क्रूर कल्पकता होती.

पण दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. त्याच पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथील तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा, आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरच्या सर्वांचा, रातोरात बाप्तिस्मा होतो. त्या घरात पाळणा होता की नव्हता हे त्या पुस्तकाचा लेखक लूक ह्याने लिहिलेले नाही, आणि दोन्ही पक्ष ह्या मौनावर शेकडो वर्षे भांडत आले आहेत. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्यांचा मुद्दा असा की कृपा आधी येते आणि आपली समज मागाहून. मूल आईला ओळखू लागण्यापूर्वीच आईने त्याला ओळखलेले असते. आईवडील आणि धर्ममातापिता त्याच्या वतीने विश्वास कबूल करतात, आणि मूल मोठे झाल्यावर दृढीकरण नावाच्या विधीच्या वेळी तो कबुलीजबाब स्वतःच्या तोंडाने देते.

पाण्याच्या मापाबद्दल मात्र फार ताणू नये, असे माझे मत आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या 'दिदाखे' नावाच्या लहानशा ग्रंथात ह्याविषयी स्पष्ट सूचना आहे: वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर ऊन पाण्यात, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने तीनदा डोक्यावर पाणी ओतावे. इतक्या आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना ओतणे चालत होते, तर आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. नाव आणि शब्द ह्यांबाबत मात्र सूट नाही. 'मी तुला बाप्तिस्मा देतो' ऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हटलेले बाप्तिस्मे ग्राह्य नाहीत, असा निर्णय व्हॅटिकनने २०२० साली दिला. काहींना तो काथ्याकूट वाटला, पण पाणी आणि शब्द ह्यांपैकी चर्च कशाला अधिक जपते ते त्यावरून दिसते.

आपल्या शहरातील अनेक मंडळ्या ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या आहेत, ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाले, तेव्हा त्यात अँग्लिकनही आले आणि बॅप्टिस्टही. म्हणजे बालबाप्तिस्मा देणारे आणि न देणारे एकाच छताखाली आले, आणि दोन्ही रीतींना तेथे मान्यता मिळाली. तोडगा निघू शकतो तो असा. आपल्याला मी पुन्हा बाप्तिस्मा घ्या असे सांगणार नाही. त्या मंडळीत आपल्या विश्वासाची जाहीर साक्ष द्यावी, हवी तितकी मोठ्याने द्यावी; पण आईच्या मांडीवर असताना झालेले ते घडलेच नाही, असे म्हणण्याची आपल्याला खरोखर गरज वाटते का, हे पाण्यात उतरण्यापूर्वी स्वतःला विचारावे. आणि आज घरी जाऊन आईबरोबर जेवावे.

प्रश्न : माझी नात जन्मानंतर काही तासांतच गेली. तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तिचे काय झाले असेल, हा विचार मला सोडत नाही. (एक आजी, नाशिकरोड)

आजी, ह्या प्रश्नाचे उत्तर देताना कोणीही पांडित्य करू नये. जुन्या काळी काही ईश्वरविज्ञान्यांनी अशा बालकांसाठी 'लिंबो' नावाच्या एका अधल्यामधल्या स्थितीची कल्पना मांडली होती आणि ती घरोघरी पोहोचली. तुम्हीही ती लहानपणी ऐकली असेल. ती कल्पना चर्चचा बंधनकारक सिद्धान्त कधीच नव्हती. कॅथलिक चर्चची १९९२ सालची धर्मशिकवण अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवते, आणि २००७ साली व्हॅटिकनच्या ईश्वरविज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम आधार आहे असे लिहिले. 'बाळकांस माझ्याजवळ येऊ द्या' हे वचन सांगताना येशूने बाप्तिस्म्याची अट घातलेली नाही. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोरालाही कोणी पाणी दिले नव्हते, तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे अभिवचन मिळाले.

बाळ दगावण्याची भीती असेल अशा प्रसंगी कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली परिचारिकासुद्धा, चर्चच्या हेतूने पाणी ओतून ते शब्द उच्चारू शकते, अशी कॅथलिक चर्चची मुभा आहे. हे मी इतर वाचकांसाठी लिहितो. तुमच्या हातून काही राहून गेले असे मुळीच समजू नका.

प्रश्न : माझी ख्रिस्तावर श्रद्धा आहे, मी शुभवर्तमान रोज वाचतो. बाप्तिस्मा न घेता मी ख्रिस्ताचा होऊ शकत नाही का? (एक वाचक, इंदिरानगर)

हा प्रश्न मराठी मुलखात शंभर वर्षांपूर्वीच मोठ्या माणसाने विचारलेला आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नाशिकजवळच्या जलालपूरची लेक असलेल्या लक्ष्मीबाईंचा संसार त्या दिवशी दुभंगला, आणि त्या १९०० साली, स्वतःची खात्री पटल्यावर, ख्रिस्ती झाल्या. अर्थात बाप्तिस्म्याची किंमत काय असते हे टिळकांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. तरीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. दोनच वर्षांनी ते गेले आणि तो प्रयोग फार वाढला नाही. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) ह्या ख्रिस्ती संघटनेत तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत, आणि तिच्या सैनिकांच्या श्रद्धेवर शंका घेण्याचे धाडस मी करणार नाही.

तरी मला विचाराल तर, मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात ख्रिस्ताने शिष्यांना दिलेल्या आज्ञेत बाप्तिस्मा आहे आणि ती आज्ञा वगळून वाचता येत नाही. बाप्तिस्मा म्हणजे मनातली श्रद्धा चारचौघांत येणे आणि त्या चारचौघांनीही तुम्हाला आपले म्हणणे; एकट्याने वाचन करून हा दुसरा भाग होत नाही. घाई मात्र करू नये. आरंभीच्या चर्चमध्ये उमेदवारांची तयारी पुष्कळ काळ चाले आणि बाप्तिस्मा बहुधा पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री होई. तुम्हाला कोणी आठवड्याभरात उरकून घ्या असे म्हणत असेल, तर त्याच्यापासून चार हात दूर राहा.

प्रश्न : बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती लोकांचे बारसे का? मैत्रिणीच्या मुलीच्या बाप्तिस्म्याचे आमंत्रण आहे, काय न्यावे? (एक वाचक, गंगापूर रोड)

बारसे नव्हे, जरी त्या वेळी मुलीचे नाव उच्चारले जाते आणि रजिस्टरात नोंदले जाते. नाव आधीच ठेवलेले असते. बाप्तिस्म्यात त्या नावाला दुसरे एक नाव, त्रैक्य देवाचे, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांचे, जोडले जाते. शरणपूर परिसरातील एका चर्चमध्ये मागच्या थंडीत मी असाच एक बाप्तिस्मा पाहिला. दगडी कुंडातले पाणी सकाळच्या गारठ्याने बर्फासारखे झाले होते, म्हणून चर्चच्या सेवकाने घरून आणलेल्या थर्मासातले गरम पाणी त्यात ओतले आणि कोपर बुडवून पाहिले. पाळकांनी ओंजळीने तीनदा पाणी घातले. पहिल्या दोन वेळा बाळाने फक्त डोळे विस्फारले, तिसऱ्या वेळी असा टाहो फोडला की मागच्या बाकांवर हसू पसरले. आजीने पदराने कपाळ टिपायला हात पुढे केला आणि मग काय वाटले कोण जाणे, तो थेंब तसाच राहू दिला.

मैत्रीण कॅथलिक असेल तर पाण्याबरोबर पवित्र तेल, पांढरे वस्त्र आणि पास्काच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली लहान मेणबत्तीही दिसेल. ती मेणबत्ती धर्मपिता हाती धरतो, तेव्हा लहान मुलांना जरा मागे ठेवावे. मुलीसाठी पांढरा किंवा फिक्या रंगाचा झबला न्यावा, आहेराचे पाकीटही चालते. उपासना वेळेवर सुरू होते, म्हणून दहा मिनिटे आधी पोहोचावे.