पाळीला अजून अवकाश आहे, पण लक्षणं जाणवतात. टेस्ट नेमकी कधी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २७, लग्नाला वर्ष झालंय, दोघांनाही आता बाळ हवंय. पाळी कधी २८ दिवसांनी येते, कधी ३२. आज २३वा दिवस. चार दिवसांपासून छाती जड झालीय, दुपारी डोळे मिटतात, फोडणीचा वास नकोसा होतो. दोनदा टेस्ट केली, दोन्ही वेळा एकच रेघ. सासूबाई मात्र म्हणतात, चेहऱ्यावरूनच कळतंय.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. पण 'सिस्टर, जरा बघता का' म्हणत पदराआड बाटली घेऊन येणाऱ्या बायका हे माझं रोजचंच काम आहे, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे.

तर, दिवस राहिलेत की नाही हे आज कुणालाच सांगता येणार नाही. मला नाही, टेस्टला नाही, आणि सासूबाईंनाही नाही. त्यांचं खरं ठरलं तरी तो अंदाज बरोबर निघाला एवढंच म्हणायचं.

कारण असं आहे. बीज सुटलं की, गर्भ राहो अथवा न राहो, अंगात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. छाती दुखणं, पोट फुगल्यासारखं वाटणं, सुस्ती, बद्धकोष्ठ, चिडचिड हे सगळं त्याचंच काम. पाळी येणार असेल तरी हे होतं आणि दिवस राहिले असतील तरी हेच होतं. म्हणून पाळीच्या आधीच्या आठवड्यात लक्षणं मोजत बसण्यात अर्थ नाही. ज्या महिन्यात बाळाची ओढ असते त्या महिन्यात तर आपण प्रत्येक कळ, प्रत्येक ढेकर नोंदवतो. एरवी त्याच गोष्टीकडे ढुंकूनही बघत नाही.

आता तुमच्याच तारखा घेऊन हिशोब करू. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींचा साधारण १४ दिवसांचा असतो. कमीजास्त होतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात बीज १४व्या दिवसाच्या आसपास सुटतं आणि ३२ दिवसांच्या चक्रात १८व्याच्या आसपास. त्यानंतर फलित बीज गर्भाशयात पोहोचून अस्तरात रुजायला ६ ते १२ दिवस लागतात, बहुतेकींना ८ ते १०. तुमचा हा महिना ३२ दिवसांचा असेल, तर आज गर्भ बहुधा रुजलेलासुद्धा नाही. आणि रुजल्याशिवाय एचसीजी तयार होऊन तुमच्या रक्तात येत नाही. लघवीची टेस्ट तर फक्त तेच एक संप्रेरक शोधते.

रुजल्यावरही ते एका रात्रीत भरपूर होत नाही. सुरुवातीला साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होतं. समजा आज ३ युनिट आहे. दोन दिवसांनी ६, चार दिवसांनी १२, सहा दिवसांनी २४. दुकानात मिळणारी बहुतेक किटं साधारण २५च्या आसपास असलं की रेघ दाखवतात. म्हणजे गर्भ रुजला असूनही पुढचे काही दिवस टेस्ट 'नाही' म्हणू शकते. तुमच्या दोन टेस्टांचा निकाल चुकला असं मी म्हणणार नाही. त्या तारखेला त्यांच्याकडे उत्तरच नव्हतं.

म्हणून माझा सल्ला: तुमच्या चक्रांतलं सगळ्यांत लांब चक्र धरा, ३२ दिवसांचं. ३३व्या दिवशी सकाळपर्यंत पाळी आली नाही तर टेस्ट करा. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर तीन-चार दिवस थांबून पुन्हा, आणि तरीही नाही तर आठवड्याने एकदा. दिवस मोजताना पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो. आदल्या रात्रीचा तपकिरी डाग धरायचा नाही. या एका दिवसावरून आमच्या रजिस्टरमध्ये बरेच घोळ होतात.

घाईने टेस्ट करण्याचा आणखी एक तोटा आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. काही गर्भ रुजतात आणि चार-सहा दिवसांतच निसटतात. पाळी वेळेवर किंवा जराशी उशिरा येते, बाईला पत्ताही लागत नाही. पण तिने २५व्या दिवशी भारीतलं किट लावलेलं असेल तर तिला पुसट रेघ दिसते, आनंद होतो आणि आठवड्यात रडू येतं. यात तिचं काहीच चुकलेलं नसतं. ज्यांना हे पेलेल त्यांनी लवकर बघावं, माझी ना नाही.

किटबद्दल. साधारण पन्नास-साठ रुपयांचं साधं किट पुरतं. महागाचं जास्त खरं बोलतं असं नाही. गावात असाल तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात 'निश्चय' नावाचं सरकारी किट असतं, ते फुकट. मेडिकलवाल्यासमोर नाव घ्यायला संकोच वाटत असेल तर हा मार्ग सोपा. अर्थात गावात आशाताई म्हणजे कुणाची तरी नणंद किंवा जाऊ असते, तोही संकोच मला कळतो. मग ऑनलाइन मागवा.

सकाळची पहिली लघवी घ्या, कारण ती दाट असते. रात्रपाळी करत असाल तर झोपून उठल्यावरची. आधी तांब्याभर पाणी पिऊ नका. पाकिटावरची मुदत बघा आणि पाकीट आयत्या वेळीच फोडा. ड्रॉपरने पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका, बहुतेक किटांत तीन असतात. बाटलीभर ओतून किट बुडवणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्याने काही लवकर कळत नाही. किट सपाट जागी ठेवा, साधारण पाच मिनिटांनी बघा आणि सांगितलेली वेळ टळून गेल्यावर परत बघू नका. 'सी'पाशी रेघ आलीच पाहिजे. ती नाही आली तर किट बाद. 'टी'पाशी वेळेच्या आत रंगाची रेघ आली, मग ती कितीही पुसट असो, तर पॉझिटिव्हच धरायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा करून बघायचं. तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून बघितल्यावर दिसणारी करडी, बिनरंगी सावली म्हणजे लघवी सुकल्याची खूण. तिच्या जिवावर पेढे आणू नयेत.

मीठ, साखर, टूथपेस्ट घालून करायच्या टेस्टा सोडून द्या. पेस्टमध्ये खडूसारखं द्रव्य असतं, त्याची लघवीतल्या आम्लाशी गाठ पडली की फेस येतो. तुमच्या मिस्टरांच्या लघवीतही येईल. १९३०च्या दशकात आफ्रिकेतल्या एका जातीच्या बेडकिणीला बाईची लघवी टोचत आणि तिने काही तासांत अंडी घातली तर बाई गरोदर समजत. ऐकायला ते टूथपेस्टपेक्षा विचित्र वाटतं, पण त्याला आधार होता: ती बेडकीण एचसीजीलाच प्रतिसाद देत होती. साखरेला एचसीजी ओळखता येत नाही.

मग लक्षणांना काहीच किंमत नाही का? आहे, पण पाळी चुकल्यानंतर. ज्यांची पाळी घड्याळासारखी असते त्यांच्यात पाळी चुकणं हेच सगळ्यांत भरवशाचं लक्षण. मळमळ आणि कोरड्या उलट्या साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात, म्हणजे पाळी चुकून आठ-पंधरा दिवस झाल्यावर. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून पाळी चुकते त्याच दिवशी 'चार आठवडे' भरलेले असतात. नवऱ्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो. वारंवार लघवी, वासांचा तिटकारा, तोंडाला विचित्र चव हेही याच सुमारास. फोडणीचा वास २३व्या दिवशी नकोसा झाला तर मी आधी पित्त, जागरण आणि उन्हाळा यांच्याकडे बघेन. आणि कुणाला यातलं काहीही न होता दिवस जातात. ती निरोगीच असते.

डागाचं जरा नीट ऐका. गर्भ रुजताना काहींना हलका गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो, एक-दोन दिवस. तो पाळी समजला गेला तर पुढचा सगळा हिशोब महिन्याने चुकतो. नेहमीपेक्षा फारच कमी आणि वेगळी पाळी आली आणि नंतरही अंग जड वाटतंय, तर एक टेस्ट करून घ्यावी. 'पाळी आली म्हणजे नक्कीच नाही' असं दरवेळी धरून चालत नाही.

ज्यांच्या पाळीचा काही नेमच नाही, पीसीओडी, थायरॉइड किंवा बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या, त्यांनी चक्राचा नाद सोडावा आणि संबंधाची तारीख धरावी. शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवसांनी केलेली टेस्ट सहसा नीट उत्तर देते. इमर्जन्सी गोळी घेतली असेल तर पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. त्याहून जास्त लांबली तर हाच २१ दिवसांचा नियम. वंध्यत्वाच्या उपचारात बीज फुटायचं एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर घरी टेस्ट करूच नका, त्या इंजेक्शनमुळेच रेघ उमटते. डॉक्टर देतील त्याच तारखेला रक्ताची बीटा एचसीजी करायची. रक्ताची ही तपासणी लघवीपेक्षा थोडी लवकर कळवते, पण तुमच्यासारख्या साध्या केसमध्ये तिच्यावर पैसे घालवायची गरज मला दिसत नाही.

काही वेळा मात्र वाट बघायची नाही. एक्स-रे काढायचा आहे, ऑपरेशन ठरलंय, रुबेलाची लस घ्यायची आहे, किंवा मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू आहे, तर आधी डॉक्टरांना 'दिवस असू शकतात' असं स्पष्ट सांगा. फिटची गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका, विचारून बदला. पाळी लांबलेली असताना ओटीपोटात एका बाजूला सणसणून दुखलं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, खांद्याच्या टोकाला दुखलं किंवा रक्त जाऊ लागलं, तर गर्भ नळीत राहिल्याची शक्यता असते. तेव्हा किट पुसट आहे की ठळक हे बघत बसायचं नाही. १०८ला फोन करून दवाखाना गाठायचा. हे अंगावर काढायचं दुखणं नव्हे.

पॉझिटिव्ह आली तर लगेच दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला धावू नका. चार-साडेचार आठवड्यांना पडद्यावर काहीच दिसत नाही आणि घरी सगळ्यांची झोप उडते. ठोके दिसायला सहा-सात आठवडे व्हावे लागतात. नोंदणी १२ आठवड्यांच्या आत कराच; दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी मोफत असते.

हे उत्तर नको असलेल्या गर्भाच्या भीतीनेही कुणी वाचत असेल, म्हणून तिच्यासाठी दोन ओळी. लग्न झालेलं असो वा नसो, कायद्याने २० आठवड्यांपर्यंत नोंदणीकृत डॉक्टरांकडून गर्भपात करून घेता येतो. तुम्ही १८ वर्षं पूर्ण केलेली असाल तर फक्त तुमची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि जिवावर बेततं. लवकर टेस्ट करण्याचा खरा फायदा इथेच आहे, कारण लवकर कळलं तर उपाय सोपा असतो.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला: तोपर्यंत स्कूटर चालवू का, पपई खाऊ का? स्कूटर चालवा, कामावर जा, जिने चढा. खड्ड्यांतल्या धक्क्यांनी निरोगी गर्भ पडत नाही, नाहीतर आमच्या तालुक्यात कुणाला पोर झालंच नसतं. पिकलेली पपई खा, कच्च्या पपईत चीक असतो म्हणून तेवढी टाळा. दारू आणि तंबाखू नको, मिश्रीसुद्धा नको. आणि फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजच सुरू करा, ३३व्या दिवसाची वाट न बघता. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पुष्कळ जणी टेस्ट करून दवाखान्यात येतात तोवर ते काम संपत आलेलं असतं. आधीच्या बाळाला किंवा घरात कुणाला तसा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिटची गोळी चालू असेल, तर मात्र डोस मोठा लागतो. तो डॉक्टरांनाच विचारा.